पाइपवाल्यांचा कोट

१४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आत्या निवडून आली. हे वाक्य मी आधी कच्च्या कागदावर लिहून पाहिले, कारण खरे वाटत नव्हते. आता पक्क्या कागदावरही ते तसेच आहे, म्हणजे खरेच असावे.

तू लग्न होऊन गेलीस तेव्हा आत्याचे राजकारण म्हणजे लाँड्रीच्या काउंटरवर कोपर टेकून नगरपालिकेचा उद्धार करणे, एवढेच होते. गेल्या उन्हाळ्यात खालच्या गल्लीचे नळ कोरडे पडले. आपल्याकडे मळक्या कपड्यांचे गठ्ठे छताला लागले. गिऱ्हाईक रोज येऊन विचारायचे आणि मी रोज उद्या म्हणायचो. शेवटी आत्याने हातगाडी मागवली, सगळे गठ्ठे तिच्यावर टाकले आणि नगरपालिकेत नेऊन पाणीखात्याच्या साहेबांच्या दाराला लावून रचले. म्हणाली, पाणी तुमच्या ताब्यात आहे तर कपडेही तुम्हीच धुवा, इस्त्री करायला मी येईन. त्यात साहेबांच्या घरच्या चादरीही होत्या. त्या तिने मुद्दाम सगळ्यात वर ठेवल्या होत्या. साहेबांना खोलीतून बाहेर पडायला खिडकीशिवाय वाट उरली नाही. त्याच आठवड्यात नळाला पाणी आले, आणि तेव्हापासून लोक आत्याला सोडेनात.

आता ती नगरसेविका आणि दुकान माझ्या गळ्यात. ती म्हणते, इस्त्री तुला येते, हिशेब तुला येतो, फक्त गिऱ्हाइकाकडे बघून हसायला शीक. मला तेच सगळ्यात अवघड वाटते. काल एका बाईंकडे बघून हसलो तर त्यांनी विचारले, साडी जाळलीस का?

भावोजींना नमस्कार, चिमीला पापा. आहे तो लोभ आटू देऊ नये.
तुझा बारक्या


२ मार्च

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

तू पत्र आधी कच्चं लिहितोस हे मला ठाऊक होतं. आनंदही आधी कच्चा करून बघतोस हे आज कळलं. शाळा आठवीत सुटली, पण शुद्धलेखन काही तुला सोडायला तयार नाही.

आत्याचं वाचून मी इथे एकटीच हसले आणि मग एकटीच रडले. आई-बाबा गेले तेव्हा तू फार लहान होतास. नातेवाईक बसून ठरवत होते, की मुलगी यांच्याकडे आणि मुलगा त्यांच्याकडे. आत्या कामावरून ओल्या हातांनीच आली. म्हणाली, मोज्यांची जोडी फोडली की दोन्ही मोजे वाया जातात. आणि आपल्याला दोन काखांत दोन बोचकी मारावीत तशी घेऊन निघाली. ती बाई नगरपालिका काय, पर्वतही हलवील.

फक्त तिला वेळेवर जेवायला घालत जा. लोकांनी डोक्यावर घेतलं की माणसाला भूक कळत नाही. आणि तू घाबरू नकोस. घाबरायचंच असेल तर रविवारी घाबर, त्या दिवशी दुकान बंद असतं.

भावोजींचा आशीर्वाद. माया आहे तेवढी तुझ्याकडेच ठेव, मला लागेल तशी मागेन.
ताई


९ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तीन वर्षे नगरसेविका राहिल्यावर आत्या पाणी समितीची अध्यक्षा झाली, हे तुला भावोजींनी वर्तमानपत्रात दाखवलेच असेल. फोटोत तिच्या मागे अर्धा कान दिसतो तो माझा. दारात गाडी येते. वरच्या दोन खोल्यांच्या चार झाल्या. तिने तुला फ्रिज पाठवला तो पोचला का? पोचताना त्याला कुठे पोचा आला असेल तर कळव, दुकानदाराला दाखवता येईल.

पाणी खरेच येते. खालच्या गल्लीत नवे पाइप पडताहेत. त्याचे काम ज्यांच्याकडे आहे त्या ठेकेदारांना इथे सगळे पाइपवाले म्हणतात. माणूस मोठा, पण विसराळू. त्यांचा ड्रायव्हर दर पंधरा दिवसांनी त्यांचा कोट ड्रायक्लीनला आणून देतो. पहिल्या खेपेला मी नेहमीप्रमाणे खिसे तपासले, तर आतल्या खिशात जाड पाकीट, नोटांनी भरलेले. आपली रीत तुला माहीत आहेच. दुसऱ्याच्या खिशातले ते दुसऱ्याचे, मग ते नाणे असो की बसचे तिकीट. मी ते पाकीट कागदात बांधले, कोटाची खूण त्यावर घातली, कॉलरला टाचणीने लावले आणि ड्रायव्हर आल्यावर हातात दिले. मला वाटले तो आभार मानेल. त्याचे तोंड आंबट झाले.

पुढच्या खेपेला पुन्हा तेच, पाकीट आणखी जाड. मी पुन्हा परत केले आणि सोबत चिठ्ठी लिहिली, की कृपया कपडे देण्यापूर्वी खिसे रिकामे करावेत, गहाळ झाल्यास दुकान जबाबदार नाही. तिसऱ्या खेपेला ड्रायव्हर म्हणाला, अरे बाबा, तू खिशात हात का घालतोस? मी म्हटले, मग इस्त्री कशी करणार? तो कपाळावर हात मारून निघून गेला.

एवढ्या मोठ्या माणसाने इतके वेंधळे असावे याचे आश्चर्य वाटते. बाकी क्षेम. प्रेमात खंड पडू नये, पत्रात पडला तरी चालेल.
तुझा बारक्या


२० सप्टेंबर

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र भावोजींना वाचून दाखवलं. खिशात हात न घालता इस्त्री कशी करणार, इथपर्यंत ते पोट धरून हसले. मग पत्र माझ्या हातातून घेऊन त्यांनी पुन्हा वाचलं. मीही वाचलं.

बाळा, माणूस एकदा विसरतो. फार तर दोनदा विसरतो. तीनदा त्याच खिशात, त्याच दुकानात, आणि दर खेपेला आधीपेक्षा जास्त, असं कोणी विसरत नाही. तो कोट दुकानात देत नव्हता रे. घरात देत होता.

आत्याला सांगितलंस का? नसशील तर सांग. तिलाही माहीत नसेल अशी मी आशा करते. ही ओळ मी खोडणार होते, पण तू खाडाखोड बघून काळजी करत बसतोस म्हणून राहू दिली.

फ्रिज चांगला चाललाय, पोचा नाही. जीव लावून आहे, तूही लावून राहा.
ताई


५ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सांगितले. जेवताना सांगितले. खरे तर थोड्या अभिमानानेच सांगितले, कारण तुझे पत्र यायच्या आधीच माझा बेत झाला होता. आत्याने हातातला घास खाली ठेवला. मग म्हणाली, की यापुढे त्यांचा कोट तू उघडायचा नाहीस. आला की हँगरसकट वर आणून द्यायचा.

मी एवढेच विचारले की का. ती म्हणाली, नळाला पाणी येते ना? मग ते कोणत्या वाटेने येते याची चौकशी तू करू नकोस. पूर्वी पाणीही नव्हते आणि खाणारेही होते, आता निदान पाणी तरी आहे. यात कोणाचे वाईट झाले ते मला दाखव. मला दाखवता आले नाही. तिच्यासमोर माझी वाचा तशीही जिन्यातच राहते.

परवा कोट आला. मी तो वर नेला. कोट जड नव्हता, पण जिना चढताना मला मध्येच थांबावे लागले.

तुझा आधार असू द्यावा.
बारक्या


१८ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मध्यंतरी मी हवापाण्याचीच पत्रे लिहिली, त्याबद्दल तू रागावलीस ते बरोबर आहे. आता हवापाण्याचेच खरे लिहितो.

गेल्या महिन्यापासून पांढरे कपडे धुतल्यावर पिवळट निघू लागले. मी आधी साबण बदलला, मग टाकी घासली, मग नीळ वाढवली. काही उपयोग नाही. नंतर गल्लीतले लोक आजारी पडू लागले. नवे पाइप पातळ होते, ठिकठिकाणी तडकले आणि त्यांत गटाराचे पाणी शिरले. आपले जुने गिऱ्हाईक, ते शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, दवाखान्यात आहेत. मी त्यांना बघायला गेलो. गालफडे बसली आहेत, पण जिवावरचे टळले. त्यांनी विचारले, तुझी आत्या काय म्हणते? मी म्हटले, बरी आहे.

घरी येऊन आत्याला सांगितले, की कोणाचे वाईट झाले ते तू दाखव म्हणाली होतीस, तर मास्तरांना बघून ये. ती आत जाऊन पडली. दुसऱ्या दिवशी तिने पाइपवाल्यांना बोलावून खूप आरडाओरडा केला, पाइप बदला म्हणाली. ते हसले आणि म्हणाले, बाई, आपण दोघेही एकाच पाइपातले. हे मला खालपर्यंत ऐकू आले.

काल सरकारी तपासाची माणसे आली. दुसऱ्या एका ठेकेदाराने तक्रार केली होती. वरच्या कपाटात पाकिटे सापडली. आत्याला घेऊन गेले. ती जिन्यावरून ताठ उतरली आणि जाता जाता मला म्हणाली, की डॉक्टरीणबाईंचे कपडे आज द्यायचे आहेत, विसरू नकोस. मी दिले.

काही सुचत नाही. दोन ओळी तरी लिही.
बारक्या


३० ऑगस्ट

चि. मोठीस,
आशीर्वाद.

भाषणं करून करून माझा लिहायचा हात आळसावलाय, तेव्हा थोडक्यात लिहिते. मी जामिनावर घरी आहे. पुढच्या महिन्यात बारक्याची साक्ष आहे.

वकील म्हणतो, एकच वाट आहे. दुकानाची रीत सगळ्या गल्लीला माहीत आहे. खिशात सापडलेलं आपण जपून ठेवतो आणि परत करतो. बारक्याने एवढंच सांगायचं, की पाकिटं त्याला खिशात सापडली, त्याने ती रीतीप्रमाणे माझ्याकडे जपायला दिली आणि परत द्यायची राहून गेली. त्याने पहिली पाकिटं परत केली होती हे ड्रायव्हरलाही नाकारता येणार नाही. त्या पोराच्या तोंडून आलं तर न्यायाधीशही मान डोलावील.

मी त्याला तोंडाने सांगणार नाही. हल्ली तो माझ्याकडे असा बघतो, जसा कापडावरचा डाग जाईल की राहील हे बघावं. तू सांग. तुमच्यासाठी मी काय काय केलं ते मी काढणार नाही. आता काढलंच म्हणा.

तुझी आत्या


८ सप्टेंबर

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

आत्याचं पत्र सोबत पाठवते आहे. तुझ्यापासून लपवून तुला सांगणं मला जमणार नाही.

मी तुला दोन पत्रं लिहिली. एकात लिहिलं, सांग. दुसऱ्यात लिहिलं, सांगू नकोस. दोन्ही फाडली. हे तिसरं आहे. माझ्या घरातला फ्रिज कुठून आला असेल हे आता मला कळतं. त्याचं दार उघडताना चोरी केल्यासारखं वाटतं. म्हणून मी काही फार सोवळी नाही.

तरीही माझं मन विचारशील तर मी म्हणेन, सांग. चार वाक्यांचं काम आहे. तिने आपल्याला एकटं पडू दिलं नाही. या वयात ती तुरुंगात गेली तर परत कशी येईल, आणि आली तर तुझ्या दारात येईल का? चूक तिची आहे हे मला कळतं. पण ती आपली आहे हे आधी कळतं.

शेवटी तिथे उभं तुला राहायचं आहे. मी इथे लांब बसून शहाणपण शिकवते, म्हणून राग धरू नकोस.
ताई


२७ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझे पत्र आल्यापासून मी ती चार वाक्ये पाठ करून पाहिली. मशीनच्या आवाजात, कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून. पाठ झालीही. पण म्हणताना दर वेळी मला मास्तरांचा दवाखान्यातला पलंग दिसायचा. आणि दुसरे म्हणजे, ताई, मला आत्याने दिलेली एकच गोष्ट नीट येते. ती रीत. तिच्याच सुटकेसाठी तीच खोटी सांगितली तर तिने मला काय दिले, हेच मला कळेनासे होईल. मला हे नीट मांडता येत नाही, समजून घे.

साक्षीच्या आदल्या संध्याकाळी मी आत्यासमोर जाऊन उभा राहिलो. मी सांगितले, की मला जे माहीत आहे तेच मी उद्या सांगणार आहे, आणि तिला कोर्टात अचानक ऐकावे लागू नये म्हणून आज सांगतो आहे. मी खाली येऊन दिवा न लावता बसलो. थोड्या वेळाने ती उतरली, मशीनवरचा माझा पांढरा शर्ट तिने उचलला, पाणी शिंपडले आणि इस्त्री करायला लागली. कॉलर, खांदे, बाह्या, मग पाठ. बाहीची घडी तिच्यासारखी अजून मला येत नाही. शर्ट हँगरला लावला आणि वर निघून गेली. ती रागावली आहे की कसे, ते मला त्या शर्टावरून समजले नाही.

तोच घालून गेलो. माझा आवाज इतका बारीक निघाला की न्यायाधीशांनी दोनदा मोठ्याने बोलायला सांगितले. पहिली पाकिटे परत केली ते सांगितले. मग आत्याने कोट न उघडता वर आणायला सांगितले, तेही. पुढचे कोट मीच वर नेले, हे कोणी विचारले नव्हते, तरी सांगितले. आत्याचे वकील म्हणाले, तू घाबरट आहेस, कोणी दम दिला असेल. मी म्हटले, घाबरट आहे हे खरे, पण दम कोणी दिलेला नाही. त्यावर सगळे हसले. आत्या हसली नाही.

काल निकाल लागला. लाच घेतल्याचा गुन्हा शाबीत झाला. आत्याला दोन वर्षे, पाइपवाल्यांना तीन. तिला नेताना मी पुढे झालो, तर तिने मान वळवली.

तू बोलशील ना माझ्याशी?
बारक्या


६ ऑक्टोबर

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

तुझ्यावर रागावले आहे. किती दिवस रागावायचं ते अजून ठरवलेलं नाही, पण फार पुरेल असं वाटत नाही. चिमीने विचारलं, मामा कोर्टात काय बोलला. मी म्हटलं, खरं बोलला. हे सांगताना मला मान खाली घालावी लागली नाही. ती पुढे म्हणाली, मग मामाला बक्षीस मिळालं का? मी तिला दूध प्यायला पाठवलं.

आत्याला पत्र लिही. उत्तर आलं नाही तरी लिही. तुला पत्र लिहिताना तरी भीती वाटत नाही ना? मीही लिहिते. बोलते आहे बरं का तुझ्याशी. वेड्या.
ताई


११ मे

ती. आत्येस,
सा. न. वि. वि.

या आधीची पत्रे तुला मिळाली असे धरून चालतो. भेटीच्या दिवशी मी तीनदा येऊन गेलो, तू भेटायला नकार दिल्याचे सांगितले गेले. हरकत नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा येईन.

इथली खबर अशी. गाडी गेली, वरच्या खोल्या सरकारजमा झाल्या, दुकान तुझ्या जुन्या कमाईचे म्हणून कोर्टाने ठेवले. काही गिऱ्हाइके गेली, त्यांना दोष नाही. काही परत आली. खालच्या गल्लीचे पाइप उकरून पुन्हा टाकताहेत. या वेळी टाकण्याआधी ते रस्त्यावर ठेवतात आणि लोक येता-जाता वाकून जाडी बघतात. एक आजीबाई तर रोज काठीने वाजवून बघतात. मास्तर फिरायला लागले आहेत.

मी आता गिऱ्हाइकाकडे बघून हसतो. साडी जाळली का, असे कोणी विचारत नाही.

मनात जागा असू द्यावी, आडोशाची चालेल.
बारक्या


३ ऑगस्ट

चि. बारक्यास,
आशीर्वाद.

तुझी सगळी पत्रं मिळाली. आधीची न उघडता ठेवली होती. मागच्या आठवड्यात एका बैठकीत उघडली आणि सगळी वाचली.

मला इथल्या धुलाईत टाकलंय. त्यांना वाटलं ही शिक्षा आहे. पहिल्या दिवशी मी इस्त्री हातात घेतली तेव्हा देखरेखीवरची बाई म्हणाली, हळू, भाजेल. मी तिच्याकडे नुसतं बघितलं. आता ती स्वतःचा युनिफॉर्म माझ्याकडेच देते.

इथल्या नळाला सकाळी तांबडं पाणी येतं. आम्ही बाया बादल्या घेऊन ते निवळायची वाट बघत उभ्या असतो. एक पोरगी आहे, तिला सारखी पोटाची कळ येते. मी विचारलं, हा पाइप कोणी घातला? कोणाला माहीत नाही. कोणीतरी सही केली असेल, म्हणाल्या. त्या सहीवाल्याला मी मनात फार शिव्या दिल्या. देता देता जीभ अडखळली. मी दाखव म्हणाले होते म्हणून तू दाखवलं होतंस, मास्तर आजारी पडले तेव्हा. मी तेव्हा बघितलं होतं. पण दुसऱ्याच्या बादलीतलं पाणी आपल्या बादलीत आल्याशिवाय नीट दिसत नाही.

तू बोललास त्याचा मला फार राग आला. अजून आहे थोडा. आदल्या दिवशी येऊन सांगितलंस, त्याचा मात्र कधीच आला नाही. भेटीला नकार दिला तो रागाने नव्हे. तू बघणार आणि मी इथल्या कपड्यांत, त्यांना इस्त्रीच बसत नाही.

आता कामाचं. चांगल्या वागणुकीमुळे माझी सुटका जानेवारीत होईल. मला काम पाहिजे. मालक तू आहेस, तेव्हा विचारते. आत्या म्हणून ठेवू नकोस. काम बघून ठेव आणि पगार सांग. नाही म्हणालास तर समजून घेईन, एक-दोन दिवस तोंड फुगवीन, बस्स.

पुढच्या महिन्यात भेटीला ये.
आत्या


१२ ऑगस्ट

ती. आत्येस,
सा. न. वि. वि.

तुझे पत्र तीन वेळा वाचले आणि मग दुकान बंद करून एक फेरी मारून आलो.

काम आहे. इस्त्रीच्या मागच्या टेबलावर. पगार दुसऱ्या इस्त्रीवालीला देतो तेवढाच, कारण तिला कळले तर वाईट वाटेल. काउंटरवर मीच बसेन. हे आधीच स्पष्ट झालेले बरे. गिऱ्हाइकांना तुझी सवय व्हायला वेळ लागेल. आणि मलाही. राहायला दुकानामागची खोली आहे, मी तिला चुना लावून घेतो. खिडकीला पडदा कोणत्या रंगाचा हवा ते कळव.

भेटीला येतो.
बारक्या


१९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आत्या येऊन महिना झाला. ती गेली तेव्हापेक्षा अर्धी झाली आहे, पण टेबलाशी उभी राहिली की दुकान भरल्यासारखे वाटते. दुसरी इस्त्रीवाली आधी तिच्याशी बोलत नव्हती. आता दोघी मिळून माझ्या घड्यांना नावे ठेवतात.

परवा मास्तर आले. आजारपणानंतर पहिल्यांदाच स्वतः. त्यांनी आत्याला काउंटरपाशी बोलावले आणि भर दुकानात बोल बोल बोलले. तुझ्यामुळे मी मरायला टेकलो होतो, म्हणाले. बाई, तुला आम्ही खांद्यावर घेतले होते, म्हणाले. गिऱ्हाइके थांबून ऐकत होती. मी मध्ये पडणार होतो, तर आत्याने हाताने मला मागे सारले. ती खाली बघत नव्हती, सरळ त्यांच्याकडे बघत होती. त्यांचे संपल्यावर म्हणाली, की तुम्ही बोललात त्यातला एक शब्दही जास्त नाही. मास्तर दमले होते, त्यांना खुर्ची दिली. पाणी प्यायले. मग पिशवीतून चार सदरे काढून काउंटरवर ठेवले आणि आत्याकडे बघून विचारले, कधी मिळतील? ती म्हणाली, मालकांना विचारा. मी म्हटले, गुरुवारी.

आता चिमीच्या शाळेला जोडून चार दिवस सुट्टी आहे, तू बोलावतेस, आणि आत्या रोज विचारते, की तू आयुष्यात कधी चार दिवस दुकान सोडून गेला आहेस का? नाही गेलो. तिच्यावर दुकान टाकून यावे का, हे मी कच्च्या कागदावर लिहून पाहिले. दोन्ही बाजू लिहिल्या. मग कागद ठेवून दिला आणि तिकीट काढले.

शनिवारी पोचतो. भेटीत सगळे.
बारक्या


२७ फेब्रुवारी

चि. मोठीस,
आशीर्वाद.

बारक्याला आत्ताच गाडीत बसवून दिलं. हे पत्र त्याच्या मागोमाग तुला मिळेल.

जायच्या आधी त्याने मला बॉयलर दाखवला. तो बॉयलर मी विकत आणला तेव्हा हा पाळण्यात होता. मी ऐकून घेतलं. टाकी कशी भरायची ते सांगितलं, मी ऐकून घेतलं. डॉक्टरीणबाईंच्या कोटाला वाफ कमी, हे दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायला लागला तेव्हा मी म्हटलं, मालक, गाडी जाईल. तेव्हा कुठे किल्ली काढली. माझ्या हातावर ठेवली, पण बोटं लगेच सोडली नाहीत. मीही ओढली नाही. सोडली शेवटी त्यानेच.

गाडीच्या खिडकीतून मला विचारत होता, की अजून थोडा राग आहे का? मी म्हटलं, आहे. वेळेवर जेवत जा. त्यावर तो असा हसला की शेजारच्या सीटवरची बाईसुद्धा हसली.

त्याचे लाड कर, तो कधी मागत नाही. तुझा फ्रिज तू विकून टाकलास ते त्याने सांगितलं. बरं केलंस. मला विचारलं असतंस तर मीही तेच म्हणाले असते, पण फ्रिज दिला तेव्हा म्हणाले नसते.

आणि एक. त्याला चार दिवसांच्या वर ठेवून घेऊ नकोस, तो राहतो म्हणाला तरी. त्याला सोडून येऊन काउंटर उघडलं तर माझी पाठ आपोआप ताठ झाली आणि आवाज चढला. किल्ली फार दिवस हातात राहिली की ती मला चढते, हे आता मला ठाऊक आहे. त्याला वेळेवर परत पाठव. मी वाट बघते आहे.

तुझी आत्या